पोटातील उपयुक्त जिवाणू सांभाळा

हरभरा पेरताना आपण बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळतो. सर्वच जिवाणू अपायकारक नसतात, हे आपणांस ठाऊक आहे. तीच गोष्ट पोटाची. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. त्यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

जिवाणूंचे कार्य

धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले व भाजीपाला यांतील तंतुमय भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही. त्यातील बराचसा भाग हे जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न होय. शिवाय उपयुक्त जिवाणूंची वस्ती दाट असली, की रोगजंतूंना सहसा थारा मिळत नाही.

प्रतिजैविकांचा परिणाम

कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या गाईच्या दुधाला पुष्कळदा विरजण नीट लागत नाही. दुधात उतरलेला औषधाचा अंश विरजणातील जिवाणूंची वाढ रोखतो. आपण प्रतिजैविक घेतो तेव्हा पोटातही असेच घडते. रोगजंतूंबरोबर उपयुक्त जिवाणूही मरतात. म्हणून अशा गोळ्यांनंतर काहींना जुलाब होतात. रिकाम्या झालेल्या जागी कधी कधी क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू माजतो व आतड्याचा गंभीर आजार होतो.

काय काळजी घ्यावी?

१. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. दुकानातून मनाने अशा गोळ्या आणू नयेत. डॉक्टरांनी दिल्यास मात्र सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात.

२. या गोळ्या चालू असताना किंवा नंतर जोराचे जुलाब, ताप अथवा शौचातून रक्त असा त्रास झाल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

३. दुभत्या जनावराला प्रतिजैविक दिल्यावर पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्याचे दूध घरी वापरू नये व डेअरीला घालू नये.

४. पीठ चाळून कोंडा टाकू नये. आहारात उसळी, पालेभाज्या, शेंगा व फळे नियमित ठेवावीत. दही-ताकही घ्यावे.

५. बाळाला पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे. त्यातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत, पण त्यांवर बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियम हे उपयुक्त जिवाणू पोसले जातात.

प्रतिजैविके जीव वाचवणारी औषधे आहेत. ती गरजेपुरतीच वापरल्यास पोटातील जिवाणू टिकतील व खऱ्या आजारात औषधाचा गुणही येईल.