जलपर्यटन-भाडे

जहाजावरील वास्तव्य, भोजन, करमणूक व वाटेतील बंदरांची भेट यांसाठी केलेल्या सागरी सफरीबद्दल प्रवाशाने द्यावयाचे एकूण मूल्य. अशा सफरीस व्यवहारात ‘क्रूझ’ म्हणतात. सामान्य जलवाहतुकीचे भाडे मुख्यतः अंतर व वर्ग यांवरून ठरते. जलपर्यटनाचे भाडे मात्र खोलीचा प्रकार, हंगाम, आरक्षणाची वेळ आणि आरक्षण ज्याच्यामार्फत केले तो मध्यस्थ यांवर अवलंबून असते. त्यामुळे एकाच जहाजावरील शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्यांतील प्रवाशांनी वेगवेगळी रक्कम दिलेली असणे, ही नित्याची गोष्ट आहे. समुद्रापासून दूर असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यातील प्रवाशाच्या बाबतीत बंदरापर्यंतच्या प्रवासाचा खर्च आणि जोखीम यांचीही त्यात भर पडते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मध्यस्थामुळे जहाजभाडे कसे बदलते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक जुने उदाहरण मुंबईहून होणाऱ्या हज यात्रेचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडासह देशाच्या अंतर्भागातील यात्रेकरू रेल्वेने मुंबईस येत आणि तेथून जहाजाने जिद्दा गाठीत. तिकिटांची विक्री बव्हंशी दलालांच्या हाती होती. तिकिटाला निश्चित दर नसे, जहाज सुटण्याचा दिवसही पुष्कळदा अनिश्चित असे आणि मुंबईत खोळंबलेल्या यात्रेकरूची शिधासामग्री व गाठचा पैसा संपत जाई. या तक्रारींवर उपाय म्हणून हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये टॉमस कुक अँड सन या ब्रिटिश कंपनीची या वाहतुकीसाठी अभिकर्ता म्हणून नेमणूक केली. या कंपनीची मुंबईतील कचेरी १८८१ मध्ये उघडलेली होती. छापील दर आणि रेल्वे व जहाज या दोहोंच्या प्रवासाची एकत्रित व्यवस्था, ही या योजनेची मुख्य अंगे होत. तथापि जहाजे अभिकर्त्याच्या मालकीची नव्हती आणि सरकारला योजनेतील तूट सोसावी लागे. काही वर्षांतच, १८९० नंतरच्या दशकात ही व्यवस्था संपुष्टात आली. मध्यस्थ प्रामाणिक असला, तरी भाड्यावरील अंतिम ताबा जहाजमालकाचाच असतो, हे या प्रयोगातून दिसून आले. मुंबई–जिद्दा जहाजसेवा पुढे १९९५ मध्ये बंद होऊन ही वाहतूक पूर्णतः विमानाने होऊ लागली.

केवळ पर्यटनासाठी असलेल्या जहाजांचा मुंबईशी संबंध त्यामानाने अलीकडचा आहे. मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ या नावाने ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या सफरी सुरू झाल्या. १९९० मध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होते. या सफरींच्या विक्रीसाठी भारतीय रेल्वेच्या खानपान व पर्यटन महामंडळाशी (आयआरसीटीसी) करार झाल्याने रेल्वेच्या तिकिटाप्रमाणे जहाजाचे तिकीटही त्या महामंडळाकडून मिळू लागले. मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय जलपर्यटन स्थानकाचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

भाड्याचे घटक : जाहिरातीतील रक्कम ही बहुधा मूळ भाड्याची असते आणि ती एका खोलीत दोघे राहणार हे गृहीत धरून दरडोई सांगितलेली असते. एकट्या प्रवाशास त्यावर अधिभार पडतो. तो कित्येकदा दुसऱ्या व्यक्तीच्या पूर्ण भाड्याएवढा असतो. मूळ भाड्याखेरीज बंदरशुल्क, शासकीय कर आणि जहाजावरील सेवकवर्गासाठीची दैनिक सेवादक्षिणा द्यावी लागते. पेये, विशेष भोजनगृहे, इंटरनेट व किनाऱ्यावरील सहली यांचा खर्च वेगळा असतो. कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग या शेवटच्या बाबींतून येत असल्याने खोली रिकामी ठेवण्यापेक्षा ती कमी भाड्याने देणे तिला परवडते. भाड्यातील चढउतारांचे हे मूळ कारण होय.

आरक्षणाचे मार्ग : (१) कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा दूरध्वनीवरून थेट आरक्षण. यात खोली, तारीख आणि बदल यांवर प्रवाशाचा प्रत्यक्ष ताबा राहतो. (२) प्रवास अभिकर्त्यामार्फत आरक्षण. येथे कंपनीच्या दृष्टीने व्यवहाराचा धनी अभिकर्ता असतो. नाव, खोली वा भाडे यांत बदल करावयाचा झाल्यास कंपनी प्रवाशाला सामान्यतः अभिकर्त्याकडेच पाठविते. (३) सहल-संयोजकाच्या समूहसहलीत समाविष्ट असलेली सफर. महाराष्ट्रात हा प्रकार विशेष रूढ आहे. सिंगापूरसारख्या सहलीत दोनतीन रात्रींची क्रूझ जोडलेली असते आणि तिचे भाडे वेगळे दाखविले जात नाही. (४) जहाजावर असतानाच पुढील सफरीसाठी केलेले आरक्षण. यात कमी अनामत किंवा जहाजावर खर्च करण्यासाठी जमा रक्कम असा लाभ बहुधा मिळतो आणि अनेक कंपन्या असे आरक्षण ठराविक मुदतीत अभिकर्त्याकडे वर्ग करू देतात.

अभिकर्त्याची दलाली व सवलती : विमानकंपन्यांनी तिकिटांवरील दलाली क्रमाक्रमाने बंद केली, अमेरिकेत २००२ च्या सुमारास आणि भारतात २००८ च्या अखेरीपासून ही प्रथा बहुतांशी संपली. जहाजकंपन्यांनी मात्र ती चालू ठेवली. दलाली सामान्यतः मूळ भाड्याच्या १० ते १६ टक्के असते. बंदरशुल्क, कर व कंपनीने वगळलेल्या इतर रकमा यांवर ती मिळत नाही. दलाली कंपनी देत असल्याने अभिकर्त्याकडे गेल्याने मूळ भाडे वाढत नाही. तसेच थेट आरक्षण केल्याने ते आपोआप कमीही होत नाही.

या दलालीचा काही भाग प्रवाशाला परत देऊन अभिकर्ता गिऱ्हाईक मिळवितो. परंतु जाहीर केलेल्या भाड्याहून कमी भाडे अभिकर्त्यांनी जाहिरातीत दाखवू नये, असा नियम २००० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी केला. त्यामुळे सवलत रोख स्वरूपात न देता इतर रूपांत दिली जाते : जहाजावरील खर्चासाठी जमा रक्कम, आगाऊ भरलेली सेवादक्षिणा, एखादे विशेष भोजन, मद्याची बाटली किंवा वरच्या वर्गाची खोली. मोठे अभिकर्ते एकाच सफरीतील अनेक खोल्या समूहदराने आधीच राखून ठेवतात. अशा समूहास ठराविक प्रवाशांमागे एक भाडे माफ होते. हे माफ भाडे समूहप्रमुखाला द्यावयाचे, सर्वांत वाटावयाचे की स्वतःकडे ठेवावयाचे, हे अभिकर्ता ठरवितो. गावातील दहावीस ओळखीची माणसे एकत्र जाणार असल्यास ही बाब आरक्षणापूर्वी विचारून घेणे फायद्याचे असते.

सवलतींचे खरे मूल्य एका काल्पनिक हिशेबावरून स्पष्ट होईल. दोघांचे मूळ भाडे ६०,००० रु., बंदरशुल्क व कर १२,००० रु. आणि सेवादक्षिणा ६,००० रु. असे एकूण ७८,००० रु. धरले आणि दलाली १२ टक्के मानली, तर अभिकर्त्यास ७,२०० रु. मिळतात. त्यातील निम्मी रक्कम त्याने जहाजावरील जमेच्या रूपाने दिल्यास प्रवाशाचा लाभ ३,६०० रु. होतो, पण ही रक्कम जहाजावरच खर्चावी लागते आणि न खर्चलेली जमा बहुधा परत मिळत नाही. जो प्रवासी एरवी जहाजावर काहीच विकत घेणार नाही, त्याच्या दृष्टीने ती सेवादक्षिणेत वळती होत नसल्यास जवळजवळ निरर्थक ठरते. उलट, सेवादक्षिणा प्रत्येकालाच द्यावी लागत असल्याने ती भरून देणारी सवलत रोख सवलतीइतकीच मोलाची असते. थेट आरक्षण परदेशी चलनात केल्यास पतपत्रावर सामान्यतः २ ते ३.५ टक्के परकीय चलन-आकार पडतो. वरील उदाहरणात ३ टक्क्यांनी तो २,३४० रु. होईल. म्हणून थेट आरक्षण स्वस्त, किंवा अभिकर्ता महाग, असा सरसकट नियम सांगता येत नाही.

आरक्षणाची वेळ : आरक्षणाच्या वेळी अनामत आणि सफरीपूर्वी सु. ७५ ते ९० दिवस उरलेली पूर्ण रक्कम, अशी आंतरराष्ट्रीय कंपन्यांची सामान्य पद्धत आहे. लहान सफरींच्या बाबतीत ही मुदत कमी असते. अंतिम भरण्याच्या मुदतीपूर्वी भाडे उतरले, तर कमी भाड्याने आरक्षण बदलून घेण्याची मुभा पुष्कळ कंपन्या देतात. थेट आरक्षण करणाऱ्याने ही दक्षता स्वतःच घ्यावयाची असते. अभिकर्त्याच्या हाती आरक्षण असल्यास त्याने भाड्यावर लक्ष ठेवणे अपेक्षित असते. परंतु येथे त्याचे हित व प्रवाशाचे हित यांत अंतर पडते. वरील उदाहरणात मूळ भाडे ६,००० रुपयांनी उतरले, तर अभिकर्त्याची दलाली ७२० रुपयांनी घटते आणि त्याचे काम वाढते. चांगला अभिकर्ता भावी व्यवहारांसाठी हा तोटा पत्करतो. काही अभिकर्ते बदलासाठी किंवा रद्द करण्यासाठी कंपनीच्या आकाराखेरीज स्वतःचाही आकार घेतात. त्याचा उल्लेख पावतीवर असणे आवश्यक आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील प्रवासी : यवतमाळ शहर मुंबई–नागपूर लोहमार्गावर नाही. १९०३ मध्ये सुरू झालेला मूर्तिजापूर–यवतमाळ हा ‘शकुंतला’ नावाने प्रसिद्ध असलेला अरुंदमापी मार्ग बंद पडला आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा–कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मुंबईसाठी यवतमाळ व परिसरातील प्रवासी बहुधा अमरावती जिल्ह्यातील धामणगाव स्थानक गाठतात, तर विमानासाठी नागपूरला जावे लागते. पुसद, उमरखेड या दक्षिणेकडील तालुक्यांना नांदेड सोयीचे पडते.

यातून एक विशेष अडचण उद्भवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होऊ लागले. जहाजाची पूर्ण रक्कम ९० दिवस आधी भरावयाची असल्यास, आगगाडीत जागा मिळेल की नाही हे कळण्यापूर्वीच प्रवाशाचे सर्व पैसे गुंतलेले असतात. गाडीस विलंब होऊन जहाज चुकल्यास रेल्वे जहाजाच्या भाड्याची भरपाई करीत नाही आणि जहाजकंपनी सामान्यतः प्रवासी गैरहजर समजून काहीही परत करीत नाही. जहाजावर चढण्याची वेळ जहाज सुटण्यापूर्वीच संपत असल्याने हा धोका अधिकच वाढतो. एक दिवस आधी मुंबईस पोहोचणे हा त्यावरील साधा उपाय असून मुक्कामाचा खर्च हा भाड्याचाच एक भाग समजावा लागतो. याउलट एकाच संयोजकाने गाव ते बंदर असा सर्व प्रवास एका करारात विकला असेल, तर जोडप्रवास साधून देण्याची जबाबदारी करारानुसार त्याच्यावर टाकता येते. अंतर्भागातील प्रवाशाला अभिकर्त्याकडून मिळणारा खरा लाभ पुष्कळदा हाच असतो. तो भेटवस्तूंच्या यादीत दिसत नाही.

कर : परदेशी सहल-संचाच्या विक्रीवर आयकराचे आगाऊ संकलन करण्याची तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून अंमलात आली. प्रारंभी त्याचा दर ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ७ लाख रुपयांवरील रकमेस २० टक्के दर लागू झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख रुपये करण्यात आली. हे दर अर्थसंकल्पाबरोबर बदलत असल्याने आरक्षणाच्या दिवशी लागू असलेला दर पाहावा लागतो. ही रक्कम म्हणजे अंतिम खर्च नव्हे. ती आयकरात वळती होते किंवा परत मिळते. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. ज्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आणि म्हणून करमुक्त आहे, अशा कापूस-उत्पादकाने विवरणपत्र न भरल्यास हे पैसे सरकारकडेच राहतात. मुंबईहून गोवा किंवा कोचीपर्यंतच्या देशांतर्गत सफरीस ही तरतूद लागू नाही.

ग्राहकाचे संरक्षण : दूरच्या शहरातील अभिकर्त्याकडून फसवणूक झाल्यास पूर्वी प्रवाशाची मोठी अडचण होत असे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रार सामान्यतः विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा व्यवहाराचे कारण जेथे घडले तेथे करावी लागे. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो वा उपजीविका करतो, तेथील जिल्हा आयोगापुढेही तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला. मुंबईच्या अभिकर्त्याविरुद्धची तक्रार त्यामुळे यवतमाळ येथेच करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे.

या अधिकाराचा उपयोग कागदपत्रांवर अवलंबून असतो. दिलेल्या रकमेची पावती, जहाजकंपनीचा आरक्षण-क्रमांक, रद्द करण्याचे नियम आणि कबूल केलेल्या सवलतींचा लेखी तपशील हे चार कागद प्रवाशाजवळ असावे लागतात. अभिकर्त्याला पैसे दिल्यानंतर आरक्षण-क्रमांकावरून जहाजकंपनीकडे थेट चौकशी करून आपले नाव व भरलेली रक्कम तेथे नोंदली आहे की नाही, याची खात्री करता येते. तोंडी कबूल केलेली सवलत भाड्याच्या हिशेबात धरता येत नाही.