बिल्ट-इन कुणी ठरवलं?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून लिनक्स शिकणारा विद्यार्थी असो, की पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून मराठीत शिकणारा, एक समज पक्का असतो: कमांडचे दोन खण, शेलच्या पोटातल्या बिल्ट-इन आणि डिस्कवर फाइल असलेल्या युटिलिटी, आणि ही वाटणी पॉसिक्स मानकाने केलेली. प्रत्यक्षात मानक बहुतेक कमांडचा मुक्काम ठरवतच नाही. एको, टेस्ट, प्रिंटएफ आत ठेवायच्या की बाहेर, हे शेल लिहिणाऱ्यावर सोडलं आहे. बॅश या शेलमध्ये ‘टाइप एको’ विचारलं तर बिल्ट-इन असं उत्तर येतं, तरी यूएसआर-बिनमध्ये एकोची फाइलही असते. ती अडगळ नव्हे; फाइंड, एक्सआर्ग्ज, एन्व्ह हे शेलला न विचारता प्रोग्राम चालवतात, त्यांना ती लागते. यावर हमखास आक्षेप येतो तो सीडीचा. चाइल्ड प्रोसेसला पेरेंटची डिरेक्टरी बदलता येत नाही, म्हणून सीडी आतच हवी. खरं आहे, पण ती प्रोसेसच्या रचनेची सक्ती. मानकाच्या 2018 पर्यंतच्या आवृत्त्यांनी सीडीसुद्धा बाहेरून चालवता आली पाहिजे असंच म्हटलं होतं, आणि मॅकओएसमध्ये सीडी नावाची चिमुकली स्क्रिप्ट आहेच. ती तुम्हाला कुठे नेत नाही. डिरेक्टरीत शिरता येईल का, एवढं मात्र सांगते. 2024च्या आवृत्तीने सीडी, रीड, उमास्क, वेट यांना ‘इंट्रिन्सिक’ हा वेगळा वर्ग दिला.

मानक खरं काटेकोर होतं ते ‘स्पेशल बिल्ट-इन’पाशी: एक्सपोर्ट, सेट, ट्रॅप, एक्झिट, अगदी नुसता टिंब आणि कोलनसुद्धा, एकूण 15. ‘स्पेशल’ म्हणजे वेगवान नव्हे. त्यांच्यात चूक झाली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, आणि त्यांच्याआधी त्याच ओळीत दिलेली व्हेरिएबलची किंमत नंतरही टिकते. इतका कीस कशाला, असं कुणी म्हणेल. कारण बॅश आपल्या नेहमीच्या रूपात हे दोन्ही नियम पाळत नाही, डॅश हा दुसरा शेल पाळतो. आणि उबुंटूत 2006पासून, डेबियनमध्ये 2011पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश. बॅशवर तपासलेली स्क्रिप्ट तिथे, टिंबाने मागवलेली फाइल सापडली नाही म्हणून, अर्ध्यावर बंद पडते. उपाय मानकातच आहे: स्पेशल बिल्ट-इनच्या आधी ‘कमांड’ लिहिलं की हे दोन्ही गुण गळून पडतात.