पाण्याचा ताळेबंद आणि कृषी संजीवनी

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील सुमारे ८० टक्के शेती पावसावर अवलंबून आहे. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भात हे अवलंबन अधिक जोखमीचे ठरते, कारण तेथील सोयाबीन, कापूस आणि तूर ही पिके पाऊस किती पडला यापेक्षा तो कसा विभागून पडला यावर तगतात. शेंगा भरण्याच्या वेळी तीन आठवड्यांचा खंड पडला, तर सरासरी गाठलेल्या पावसाळ्यातही उत्पादन घसरते. काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी झाली, तर तयार पीक शेतातच कुजते. २०१२, २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्यात दुष्काळाची वर्षे होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पंचनामा, नुकसानभरपाई आणि पीकविमा ही शासकीय मदतीची नेहमीची साधने पीक गेल्यानंतर कामी येतात. पीक जाऊच नये यासाठी आधी काय करता येईल, या प्रश्नातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प उभा राहिला. कृषी खात्यात आणि गावागावांत हा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प ‘पोकरा’ या इंग्रजी लघुनावानेच ओळखला जातो.

प्रकल्पाचे स्वरूप

जागतिक बँकेने २०१८ मध्ये या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एकूण खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये धरण्यात आला. त्यातील ७० टक्के वाटा कर्जाचा आणि ३० टक्के राज्य शासनाचा. पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातील सर्व आठ जिल्हे, विदर्भातील अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा आणि खानदेशातील जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे घेण्यात आली. ग्रामविकासाच्या कामासाठी चित्रकूट ही कर्मभूमी निवडणारे नानाजी देशमुख मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे. प्रकल्पाला त्यांचे नाव आणि कार्यक्षेत्रात त्यांचा जिल्हा, हा योग उचित आहे.

गावे निवडताना तालुक्याची हद्द न पाहता पाणलोटाची हद्द पाहिली गेली. एकाच नाल्यात ज्यांचे पाणी उतरते अशा लगतच्या गावांचा समूह करून त्यांचे नियोजन एकत्र केले गेले. वरच्या गावाने पाणी अडवले तर खालच्या गावाच्या विहिरींना त्याचा गुण येतो, आणि वरच्या गावाने ते उपसून संपवले तर खालचे गाव कोरडे पडते. महसुली नकाशावर हा संबंध दिसत नाही, म्हणून नियोजनाचे एकक बदलणे आवश्यक होते.

पाण्याचा ताळेबंद

या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पाण्याचा ताळेबंद, अर्थात गावात किती पाणी येते आणि ते कुठे जाते याचा हिशेब. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी मिळते. १,००० हेक्टर शिवाराच्या गावात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर जमा होते ७० लाख घनमीटर, म्हणजेच जलसंधारणाच्या बोलीभाषेत ७,००० टीसीएम (हजार घनमीटर). हा आकडा पाहून पाणी मुबलक असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात यातील मोठा वाटा माती आणि पिकांमधून बाष्परूपाने परत जातो, काही ओढ्या-नाल्यांतून वाहून जातो, काही मातीत ओल म्हणून टिकतो आणि उरलेला भूगर्भात झिरपतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाची साठवणक्षमता मुळातच कमी असते. झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी विहिरींना मिळते. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, ती यामुळेच.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रकल्पासाठी हा हिशेब मांडण्याची पद्धत विकसित केली. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार व खोली, जमिनीचा उतार आणि पिकाची गरज यांवरून गावाच्या प्रत्येक भागात किती पाणी वाहून जाते, किती मुरते आणि पिकांना किती कमी पडते, हे त्यातून काढता येते. गावभर एकच आकडा न धरता माथा आणि पायथा वेगळे मोजले जातात, हे विशेष महत्त्वाचे आहे. माथ्यावरच्या उथळ मुरमाड जमिनीत दहा दिवसांच्या उघडिपीत पीक सुकते. पायथ्याच्या खोल काळ्या जमिनीत तेच पीक आणखी काही आठवडे तग धरते. संरक्षित पाण्याची गरज कोणाला आधी आहे, याचे उत्तर त्यामुळे हिशेबातूनच मिळते.

ग्राम समिती

ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन होते आणि सरपंच तिचा अध्यक्ष असतो. महिला, अल्पभूधारक आणि भूमिहीन यांना तिच्यात स्थान असते. शिवारफेरी काढून बांध, नाले, विहिरी आणि पडीक जमीन यांची पाहणी केली जाते, ताळेबंदाशी तिची सांगड घातली जाते आणि तयार झालेला आराखडा ग्रामसभेपुढे ठेवला जातो. वैयक्तिक लाभासाठी आलेल्या अर्जांनाही या समितीची संमती लागते.

रुंद वरंबा सरी

सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे कृषी सहायकांच्या बोलण्यातल्या ‘बीबीएफ’ने करणे हा प्रकल्पाने पसरवलेला सर्वांत स्वस्त उपाय. ट्रॅक्टरचलित यंत्र एकाच फेरीत उताराला आडवा रुंद वरंबा तयार करते, त्यावर तीन-चार ओळी पेरते आणि दोन्ही बाजूंना सरी पाडते. पावसात खंड पडला, की सरीत मुरलेली ओल मुळांना मिळते. सलग मुसळधार पाऊस झाला, की जादा पाणी त्याच सरीतून निघून जाते आणि पीक पिवळे पडत नाही. टंचाई आणि अतिरेक या दोन्ही संकटांवर एकच रचना काम करते. शिवाय हेक्टरी ७५ किलो लागणाऱ्या बियाण्यात सुमारे २० ते २५ टक्के बचत होते.

हे तंत्र शेतीशाळेतून पोचवले जाते. यजमान शेतकऱ्याच्या शेतात एका भागात सुधारित पद्धत आणि शेजारी नेहमीची पद्धत ठेवतात. हंगामभर ठरावीक अंतराने शेतकरी तेथे जमून झाडांची वाढ, किडी आणि मित्रकीटक मोजतात. या तंत्राच्या जोडीला लवकर येणारे वाणही येतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राची ‘बीडीएन-७११’ ही तूर साधारण १५० ते १५५ दिवसांत तयार होते. जमिनीतील ओल संपण्याआधी तिच्या शेंगा भरतात, म्हणून हलक्या जमिनीला ती मानवते.

शेततळे

शेततळ्याचा उपयोग एका मापावरून स्पष्ट होतो. वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. एका हेक्टरला ५० मिलिमीटरची एक पाळी देण्यास ५ लाख लिटर लागतात. बाष्पीभवन आणि पाझर वजा जाता असे तळे दोन-तीन हेक्टर सोयाबीनला खंडाच्या काळात एक पाळी देऊ शकते. तुषार संच असेल तर तेच पाणी अधिक क्षेत्राला पुरते. संपूर्ण हंगाम काढण्याची ताकद त्यात नाही, मात्र शेंगा भरतानाची एक पाळी पिकाचे भवितव्य ठरवते.

हा लाभ तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तरच खरा. प्लास्टिकचे अस्तर घालून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून तळे भरण्याची प्रथा राज्यात अनेक ठिकाणी रुजली आहे. त्यात नवे पाणी साठत नाही. सर्वांच्या भूजलातील वाटा एकाच्या तळ्यात येतो आणि उन्हाळ्यात तेथून वाफ होऊन उडतो. अशा तळ्याला हवामान-अनुकूल म्हणणे चूक आहे.

खारपाणपट्टा

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारट आहे. हे पाणी सिंचनाला वापरले, तर चिकण काळ्या मातीत क्षार साचतात, तिची रचना बिघडते आणि निचरा आणखी मंदावतो. येथे विहीर पुनर्भरणासारखे नेहमीचे उपाय फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण झिरपलेले गोडे पाणी खाऱ्या साठ्यात मिसळते. पावसाचे पाणी जमिनीवरच शेततळ्यात धरणे आणि ते काटकसरीने देणे, हाच येथील व्यवहार्य मार्ग आहे. या पट्ट्यातील ९३२ गावे प्रकल्पात घेतली गेली. एकाच योजनेत दोन भूप्रदेशांसाठी दोन वेगळे उपचार ठेवले गेले, हे शासकीय नियोजनात क्वचित दिसते आणि म्हणून त्याची दखल घ्यायला हवी.

थेट लाभ

ठिबक व तुषार संच, फळबाग, शेडनेट, रेशीम उद्योग, मोटर, पाइप अशा बाबींसाठी वैयक्तिक अनुदान मिळते. सातबारा, आठ-अ आणि आधार यांच्या आधारे संकेतस्थळावर अर्ज केला जातो. पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकरी आपल्या पसंतीच्या विक्रेत्याकडून साहित्य घेतो आणि देयक सादर करतो. मोका तपासणीत अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेतले जाते आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. पहिल्या टप्प्यात अनेक बाबींत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ७५ टक्के, तर दोन ते पाच हेक्टरपर्यंत ६५ टक्के अनुदान होते. नव्या विहिरीला मात्र भूजलाची स्थिती पाहूनच परवानगी मिळते आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरचे अंतर राखावे लागते. भूमिहीन कुटुंबांसाठी शेळीपालन व परसबागेतील कुक्कुटपालन, तर शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांसाठी गोदाम, प्रतवारी यंत्रे आणि अवजारे बँक अशी तरतूद आहे.

मर्यादा

पहिली अडचण पैशाची. अनुदान खर्चानंतर मिळते, त्यामुळे सुरुवातीची संपूर्ण रक्कम शेतकऱ्याने उभी करावी लागते. एका एकरावर पोट असलेल्या कुटुंबाला ती सावकाराकडून किंवा विक्रेत्याच्या उधारीवर घ्यावी लागते आणि तपासणी लांबली, की व्याज वाढते. ७५ टक्के अनुदानाचा हेतू त्या व्याजात विरतो. ज्याच्याकडे आधीच भांडवल आणि पाणी आहे, त्याला मात्र हीच पद्धत सोयीची पडते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ठिबकामुळे एका एकराला लागणारे पाणी कमी होते, पण वाचलेल्या पाण्यावर बागायत क्षेत्र वाढवले किंवा हरभऱ्याच्या जागी कित्येक पट तहानेचा ऊस लावला, तर गावाचा एकूण उपसा घटत नाही. हे रोखण्याचा अधिकार ताळेबंदाला नाही. तो तूट दाखवतो, पीक ठरवत नाही. संचासाठी अर्ज करणारे पुष्कळ असतात, सामायिक नाला उपचारासाठी पाठपुरावा करणारे थोडे. वैयक्तिक अनुदान आणि सामुदायिक हिशेब या दोन वाटा एकाच प्रकल्पात असल्या, तरी त्यांची गाठ सैल राहिली आहे.

दुसरा टप्पा

दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतील सुमारे ७,२०० गावे घेण्यात आली असून खर्चाचा अंदाज ६,००० कोटी रुपयांचा आहे. या गावांत नव्या संचांच्या संख्येइतकेच लक्ष ताळेबंदाच्या वापराकडे दिले जावे. पावसाळा संपल्यावर, रब्बीची पेरणी सुरू होण्यापूर्वी, गावात शिल्लक असलेले पाणी आणि त्यावर निघू शकणारे क्षेत्र ग्रामसभेत वाचून दाखवणे शक्य आहे. पद्धत तयार आहे, माहिती उपलब्ध आहे आणि समितीही अस्तित्वात आहे. अनुदानाची पूर्वसंमती त्या आकड्याला बांधणे हा पुढचा निर्णय शासनाने घ्यायचा आहे.