गिटारच्या पेडलमधील गुरगुर

स्वर खरखरीत करणें हेंच ज्या यंत्राचें काम, त्याच्याच खरखरीची तक्रार ऐकून कोणासही हसूं येईल. १९६२ सालीं अमेरिकेंत मायस्ट्रो फझ-टोन नांवाचें पेडल विक्रीस आलें, आणि पुढें विजेच्या गिटारचा स्वर मुद्दाम फाटका करण्याची आवड जगभर पसरली. असें पेडल दोन ट्रान्झिस्टर व मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर यांना डाख देऊन घरींही करतां येतें. अडचण येते ती तार छेडण्यापूर्वींच ध्वनिवर्धक गुरगुरूं लागतो तेव्हां.

माझ्या शेजारच्या एका तरुणानें या गुरगुरीवर उपाय म्हणून दोनदां ट्रान्झिस्टर बदलले. गुरगुर होती तशीच राहिली. पेडल हें आवाज कित्येक पट वाढविणारें यंत्र. बाहेरून शिरलेली किंचित् भणभणही त्यांतून गर्जना होऊन बाहेर पडते. म्हणून ती कोठून शिरते हें आधीं शोधावें, हत्यार मागाहून तापवावें.

प्रथम अ‍ॅडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावावी. गुरगुर थांबली, तर ती अ‍ॅडॉप्टरची. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. ती एकदिश करतांना १०० आवर्तनांची लाट मागें उरते. पेडलमध्यें वीज जेथें शिरते तेथें १०० ओहमचा रेझिस्टर मार्गांत घालावा, आणि त्याच्या पुढें १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन-ऋण टोकें पाहून, भूतारेस जोडावा. लाट सुमारें एकषष्ठांश होते.

बॅटरीवरही गुरगुर चालूच राहिली, तर गिटार हातीं धरून सावकाश गिरकी घ्यावी. आवाज कमीजास्त झाला, तर गिटारचा पिकअपच जवळच्या ट्रान्सफॉर्मरचें किंवा ट्यूबलाइटच्या चोकचें चुंबकीय क्षेत्र पकडीत असतो, पेडल निर्दोष. गुरगुरीऐवजीं शीळ येत असेल, तर आंत येणारी व बाहेर जाणारी तार एकमेकींपासून दूर सारावी. क्वचित् पेटींतून चक्क आकाशवाणी ऐकूं येते. लांब तार एरियलचें काम करते व पहिला ट्रान्झिस्टर त्या लहरींतून आवाज वेगळा काढतो. त्याच्या बेसपासून भूतारेपर्यंत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला कीं हें बहुधा थांबतें. (तें थांबवावें असें रेडिओवरूनच सांगणें मला जरा कठीण जातें!)

बारीक फुसफुस मात्र समूळ जात नाहीं. रेझिस्टरमधील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळें सतत धडपडत असतात, हें जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं दाखवून दिलें. जुन्या कार्बनच्या जागीं मेटल-फिल्म रेझिस्टर घातल्यास ती थोडी कमी होते, इतकेंच.

आतां जें सांगण्यासाठीं मी येथें बसलों तें सांगतों. आमच्या तरुणानें कोणाच्या तरी सल्ल्यानें ध्वनिवर्धकाच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली होती. दोन उपकरणें दोन वाटांनीं जमिनीस मिळालीं म्हणजे तारांचें वेटोळें होऊन त्यांत गुरगुर शिरते. पिन काढली कीं ती थांबतेही, आणि मोह पडतो तो तेथेंच. पण गिटारच्या तारा ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. आंत बिघाड झाला, तर वाजविणाराच्या बोटांखालीं २३० व्होल्ट येऊं शकतात. स्टोन द क्रोज या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें, भूसंपर्क नीट नसलेल्या ध्वनिग्राहकास हात लागून, रंगमंचावरच मरण पावला. वेटोळें मोडावयाचें तर दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावावे. पिनेस हात लावूं नये.

पिन मीं त्याच दिवशीं परत बसवून घेतली. मग पेटी उघडली. अ‍ॅल्युमिनियमची ती पेटी त्यानें आंतबाहेर सुरेख निळ्या रंगानें रंगविली होती, आणि जॅकचा नट त्या रंगावरच टेकला होता; त्यामुळें पेटीस भूतार मिळालीच नव्हती. नटाखालचा रंग नाण्याएवढ्या जागेंत खरवडून काढला, नट घट्ट आवळला, झांकण लावलें, आणि गुरगुर थांबली.