फिल्टर रोज किती तास चालवायचं?
लेखमाला : घरचं पाणी, भाग ७

मागच्या भागात आपण पोहण्याच्या हौदाची जागा, खोली आणि पाइपांची मांडणी पाहिली. हौद भरला की पहिला प्रश्न येतो तो फिल्टरच्या मोटरचा : ती रोज किती तास चालू ठेवायची?

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर विजेच्या बिलाआधी पाण्याकडे बघून द्यावं लागतं. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं आपल्या जवळची. तरी काळ्या कातळावर वसलेल्या कितीतरी गावांत उन्हाळा तापला की बोअर आटतात. अशा ठिकाणी हौद हिरवा पडला म्हणून रिकामा करणं म्हणजे दोन टँकर पाणी नाल्यात सोडणं. फिल्टर पुरेसा वेळ चाललं तर तेच पाणी महिनोन्‌महिने वापरता येतं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : वीज वाचवण्यासाठी फिल्टरचे तास कापू नका. तासांचा हिशोब नीट करा, वीजही आपोआप वाचेल.

आपल्याकडची पोरं पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. तिथे फिल्टर नव्हतं, कारण विहिरीचा रोज उपसा व्हायचा आणि झऱ्यांतून नवं पाणी यायचं. पाणी खोल, सावलीत आणि थंड असायचं. अंगणातल्या हौदाला झरे नाहीत. चार फुटांचं पाणी दिवसभर उन्हात तापतं. अंगाचा घाम, तेल, धूळ, पालापाचोळा सगळं त्यातच राहतं. म्हणून झऱ्यांचं काम मोटरला आणि फिल्टरमधल्या वाळूला करावं लागतं.

आता हिशोब. हौद २० फूट लांब, १० फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल धरा. हे झाले ८०० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे हौदात सुमारे २२,६०० लिटर पाणी आहे. मोटर ताशी ८,००० लिटर पाणी फिरवत असेल, तर हौदाएवढं पाणी फिल्टरमधून जायला पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. याला आपण एक फेरी म्हणू.

मोटरच्या पाटीवरचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. पाइप, बेंड आणि वाळूचा थर यांतून जाताना प्रवाह कमी होतो. ठिबकवाल्या शेतकऱ्याला ठाऊक असलेली ड्रमची पद्धत इथेही चालते. बॅकवॉशच्या, म्हणजे वाळू उलट्या प्रवाहाने धुतलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या, पाइपखाली २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि घड्याळ लावा. ड्रम दीड मिनिटात भरला तर प्रवाह ताशी ८,००० लिटरच्या आसपास आहे. तीन मिनिटं लागली तर तो निम्मा आहे, आणि तासही दुप्पट लागतील.

एक फेरी झाली म्हणजे सगळं पाणी गाळून झालं, असा समज सर्रास आढळतो. फिल्टरमधून आलेलं स्वच्छ पाणी हौदातल्या गढूळ पाण्यातच मिसळतं आणि मोटर ते मिश्रण पुन्हा ओढते. काही पाणी दोनदा गाळलं जातं, तर काही एकदाही नाही. गेज आणि बिडवेल या संशोधकांनी १९२६ साली याचं गणित मांडलं. त्यानुसार एका फेरीत सुमारे ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५ आणि चार फेऱ्यांत ९८ टक्के. तिसऱ्या फेरीनंतर विजेच्या मानाने फायदा फारच थोडा उरतो. घरच्या हौदासाठी उन्हाळ्यात तीन फेऱ्यांचं माप मी सांगतो ते याच कारणाने. आपल्या उदाहरणात ते साडेआठ तास होतात.

वर्षभर तेवढेच तास लागत नाहीत. फ्रान्समध्ये एक ठोकताळा वापरतात : पाण्याचं तापमान जितके अंश सेल्सिअस, त्याच्या निम्मे तास फिल्टर. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या हौदाचं पाणी सहज तिशी ओलांडतं, म्हणजे या हिशोबाने पंधरा तास झाले. हौदावर शेडनेट असेल आणि क्लोरीन रोज तपासत असाल तर इतकं चालवायची गरज पडत नाही. मात्र त्यातलं मर्म ध्यानात ठेवा : पाणी जितकं गरम, तितकं शेवाळ जोमाने वाढतं. मार्च ते जून तीन फेऱ्या, पावसाळ्यात दोन, आणि हिवाळ्यात कुणी उतरत नसताना एक फेरी पुरते. वादळी पावसाने माती आणि पाला आत आणला, किंवा पाणी हिरवट दिसू लागलं, तर क्लोरीन वाढवून पाणी नितळ होईपर्यंत मोटर बंदच करू नका.

वेळ दिवसाची निवडा. मुलं संध्याकाळी पाण्यात उतरतात म्हणून फक्त संध्याकाळी मोटर लावणं चुकीचं आहे. क्लोरीनला सर्वांत जास्त मार बसतो तो दुपारच्या उन्हाचा. स्थिरक म्हणून सायन्युरिक आम्ल घातलेलं नसेल तर भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन उडून जातं. साचलेल्या कोपऱ्यात त्याच वेळी शेवाळ धरतं. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार मोटर चालवा आणि उरलेले तास पोहणं आटोपल्यावर द्या. छतावर सोलर असेल तर ही वेळ सोयीची आहेच. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलतही मिळते. मध्येच लाइट गेली तर राहिलेले तास नंतर भरून काढा. तुकड्यांत चालवलं तरी चालतं. उन्हाळ्यात सबंध दिवस मात्र कोरा जाऊ देऊ नका.

फिल्टर चालू आहे पण पाणी फिरत नाही, असंही होतं. वाळूत घाण साठली की प्रेशर वाढतं आणि प्रवाह घटतो. वाळू स्वच्छ असताना गेजवर किती दाब आहे ते लिहून ठेवा. तो अर्धा ते पाऊण किलो वाढला की दोन-तीन मिनिटं बॅकवॉश करा. व्हॉल्व्ह फिरवण्याआधी मोटर बंद करायला विसरू नका. रोज बॅकवॉश करणं नुकसानीचं आहे, कारण वाळूवर थोडा मळ बसला की ती बारीक कणही अडवते. शिवाय दर वेळी तीन-चारशे लिटर पाणी जातं. ते पाणी ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उतरू द्या आणि मग झाडांना घाला.

आपल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. वरच्या उदाहरणातल्या हौदाची पातळी एक सेंटिमीटर उतरली की सुमारे १८५ लिटर पाण्याची वाफ झालेली असते, पण त्यातला क्षार मागेच राहतो. तो फरशीवर पांढरा थर धरतो आणि वाळूच्या ढेपा बनवतो. ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर स्वस्त असली तरी तिने कॅल्शियम आणखी वाढतं. जड पाण्यात द्रवरूप क्लोरीन बरं. शेडनेट इथेही उपयोगी पडतं, बाष्पीभवन कमी करतं.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. वाळूचं फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतं. जिवाणू त्याहून कितीतरी लहान असतात. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराने माणसं दगावली. त्यातला एक अमीबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शरीरात शिरतो. तेव्हा पाणी कितीही नितळ दिसलं तरी मुलांना उतरवण्याआधी टेस्ट किटने तपासा : मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. क्लोरीनचा आकडा कमी आला तर त्या दिवशी पोहणं बंद ठेवा.

पुढच्या भागात : क्लोरीन किती, केव्हा आणि कसं घालायचं.