मुक्त म्हणजे फुकट नव्हे

भंडारा जिल्ह्याच्या शेजारी, चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून धानाचे नवे वाण तयार केले. त्याला नाव चिकटले ते एका घड्याळाचे : एचएमटी. असे बियाणे शेतकरी शेजाऱ्याला देतो; शेजारी ते पेरतो आणि त्यातून पुन्हा निवड करतो.

संगणकाच्या काही आज्ञावलींचेही असेच असते. त्यांचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ही चळवळ सुरू केली आणि तिला ‘फ्री’ म्हटले. इंग्रजीत याचे दोन अर्थ होतात : मोफत आणि स्वतंत्र. कंपन्या पहिलाच अर्थ धरतात, हे पाहून काहींनी १९९८ साली ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आणले. स्टॉलमन यांना ते पटले नाही. त्यात स्वातंत्र्याचा उल्लेखच उरला नव्हता.

मराठीत आपल्याला ही अडचण नाही. शाळेत लिब्रेऑफिस बसवताना ‘हे फुकटचे आहे’ असे न सांगता, ‘याची प्रत घरी न्या, मित्रालाही द्या, कायद्याची हरकत नाही’ असे आपण सांगू या. पहिल्या वाक्यातून मुलांना किंमत कळते, दुसऱ्यातून हक्क.