हुशार कारागीर, पण रेप्युटेशन खराब : घ्यायचा की नाही?

मागच्या व्हिडिओखाली हिंगणघाटच्या एका भावाने विचारलं : "सर, मोबाईल रिपेअरिंगसाठी एक पोरगा मिळतोय. चिप लेव्हलचं काम एक नंबर. पण आधीचा शेठ म्हणतो, सांगता गायब होतो, उचल घेऊन बसतो. २२ हजार मागतोय. ठेवू का?"

याचं उत्तर क्रिकेटमधून देतो, कारण तिथे हाच सौदा सगळ्यांसमोर होतो.

पृथ्वी शॉ. २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या एका डावात ५४६ धावा. २०१८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच टेस्टमध्ये १३४. टॅलेंटबद्दल वादच नाही. २०२२ साठी दिल्लीने त्याला ७.५ कोटींना रिटेन केलं. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने रणजी संघातून काढलं. कारण म्हणून चर्चा झाली ती फिटनेस आणि शिस्तीची. महिनाभरात आयपीएलचा लिलाव झाला. बेस प्राईस ७५ लाख, कोणीच बोली लावली नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि रणजीत चंदीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ ठोकले. डिसेंबर २०२५ च्या लिलावात त्याला घेतलं कोणी? त्याच दिल्लीने, ७५ लाखांत.

पोरगा तोच, संघ तोच, भाव एक दशांश! म्हणजे दिल्लीने "चांगला की वाईट" असा निकाल लावत बसण्यापेक्षा रिस्क किंमतीत बसवली. ७.५ कोटींना फसला तर अख्खं बजेट कोलमडतं. ७५ लाखांना फसला तर फारसं बिघडत नाही.

आता एक गोष्ट नीट बघा. २०१९ मध्ये शॉवर डोपिंगची आठ महिन्यांची बंदी आली होती. पण खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं. नियम मोडला म्हणून शिक्षा झाली, ठीक. पण त्यावरून "पोरगा बेकारच" म्हणणं वेगळं. आपल्याकडे इतवाऱ्यात चहा पिताना एखाद्याबद्दल चार गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या तीन आपल्या धंद्याशी संबंधित नसतात. तो रात्री कुठे बसतो, कोणाशी भांडला, घरी काय चालतं, हे तुमचं काम नाही. सकाळी दहाला काउंटरवर येतो का आणि गल्ल्याला हात लावतो का, एवढं तुमचं काम. चोरीचा पक्का पुरावा असेल तर विषय तिथेच संपला. स्वस्तात मिळाला तरी नको.

गैरहजेरीचा मात्र हिशोब करता येतो. समजा रोज पाच फोन, फोनमागे ३०० सुटतात. महिन्यात सहा दिवस गायब राहिला तर ९,००० गेले. २२ हजारांचा माणूस ३१ हजारांना पडला. आणि "उद्या देतो" ऐकून परत गेलेलं गिऱ्हाईक यात धरलेलंच नाही.

म्हणून या भावाला माझं म्हणणं : १२ हजार पक्के द्या, दुरुस्त झालेल्या प्रत्येक फोनमागे ८० रुपये. २६ दिवस आला तर १३० फोन, २२,४०० झाले. त्याने मागितले त्याहून ४०० जास्तच. सहा दिवस दांडी मारली तर २,४०० त्याच्याच खिशातून जातील, तुम्हाला ओरडायची गरज नाही. तोच फोन त्याच तक्रारीसाठी परत आला तर त्याचे ८० नाहीत. उचल पहिले तीन महिने बंद. आणि हे सगळं पहिल्या दिवशी, कागदावर, बसून, चहा पाजून सांगा. नंतर सांगाल तर तो फसवल्यासारखं समजेल, आणि ते बरोबरच असेल.

अजून एक. मुंबई शॉला काढू शकली कारण तिच्याकडे ओपनर रांगेत उभे असतात. तुमच्या दुकानात रांग आहे का? नाही ना! म्हणून त्याच्या शेजारी एक शिकाऊ पोरगा पहिल्या दिवसापासून बसवा. निदान डिस्प्ले आणि चार्जिंग पोर्ट तरी त्याला यायला हवं.

उलटं उदाहरणही आपल्याच विदर्भाचं आहे. २०१७-१८ च्या मोसमात वसीम जाफर विदर्भाकडून मानधन न घेता खेळला. चाळिशीला आलेला माणूस, ड्रेसिंग रूममध्ये पोरं त्याच्याकडे बघून शिकत होती. इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. असा माणूस दुकानात आला तर घासाघीस करू नका, मागेल ते द्या.

आणि जुन्या शेठचं ऐकताना एक प्रश्न नक्की विचारा : त्याचा पगार वेळेवर होत होता का? पोरगं का गायब व्हायचं, याचं उत्तर कधीकधी तिथेच सापडतं. हिंगणघाटवाले भाऊ, बोलणं काय ठरलं ते कमेंटमध्ये लिहा. पुढचा व्हिडिओ उचलीच्या हिशोबावरच करतोय.